पांढऱ्या डोळ्यांची कावीळ

उसाच्या रसाचा वास आला की मला लाज वाटते. लोकांना तहान लागते, लहानपण आठवतं, मला लाज वाटते. नवरा बिचारा पर्वत पाटियाच्या चौकात दर वेळी स्कूटर हळू करतो, रसाच्या गाडीकडे मान वळवून विचारतो, "घ्यायचा का?" आणि मी दर वेळी म्हणते, "फार गोड असतो." खरं म्हणजे मला गोड आवडतं. घारी, बासुंदी, जे समोर येईल ते मी नाही म्हणत नाही. पण हे स्कूटरवर मागे बसून कसं सांगणार? हिरवा दिवा लागतो, मागचा रिक्षावाला शिव्या देतो आणि आम्ही पुढे निघतो.

दिवाळी सरली की सुरतेत थंडी येते म्हणतात. येते म्हणजे काय, सकाळी स्वेटर घालावा आणि अकरा वाजता तो कमरेला बांधावा, इतकीच. पण तिच्यासोबत बाकी सगळं कसं वेळेवर येतं. नवसारी रस्त्यावरून उसाने भरलेले ट्रॅक्टर कारखान्यांकडे डुलत निघतात. पोंकाच्या तंबूंत कोवळ्या ज्वारीचा धूर होतो. आपल्याकडचा हुरडाच तो, पण इथे त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव पडते आणि भाव दुप्पट होतो. फुटपाथवर पतंगाचा दोरा रंगवणारे येतात, खांबाखांबाला गुलाबी दोरे ताणतात, त्यांच्या हाताची बोटं महिनाभर गुलाबीच राहतात. कॉलेजांच्या फाटकांसमोर परीक्षेची मुलं उभ्या उभ्या झेरॉक्स वाचत असतात. या सगळ्यातून मी शाळेत जाते, महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, हसते, मुलांना ओरडते. आणि मनात कुठेतरी मान खाली घालून बसलेली असते.

त्या हिवाळ्यात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही भेस्तानला राहायचो, अजूनही माय आणि आबा तिथेच राहतात. आबा लूमच्या खात्यात. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत कापडाच्या कारखान्याला खातंच म्हणतात. आमच्या गल्लीच्या मागेच एक खातं होतं आणि त्याची खटखट आमच्या भिंतीतून यायची. बाहेरून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी कानावर हात ठेवायचा. आम्हाला मात्र ती बंद पडली की जाग यायची. माय घरी बसून साड्यांचे धागे कापायची. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून साडी येते तेव्हा तिच्या पाठीमागे लोंबते धागे असतात, ते छोट्या कात्रीने साफ करायचे. आमच्या घरात बसायला खुर्ची नव्हती, पण साड्यांचे गठ्ठे होते. आम्ही दुसऱ्यांच्या लग्नाच्या साड्यांना टेकून लहानाचे मोठे झालो.

काय झालं होतं मला? काहीच नाही. हीच तर सगळ्यात मोठी लाज होती. कुणी मेलं नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं. गल्लीत एकीचं प्रेम मोडलं होतं, ती ओढणीत तोंड घालून रडायची आणि बायका तिच्यासाठी हळहळायच्या. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्याकडे कारण होतं. माझ्याकडे फक्त सकाळ होती आणि ती उजाडूच नये असं वाटायचं. पुस्तक उघडलं की त्याच पानावर दुपार व्हायची. केसांत गुंता झाला, मग त्याचा गोळा झाला, आणि कंगवा हाताच्या अंतरावर पडलेला असूनही तिथवर हात जाईना. आंघोळीचं पाणी मायने काढून ठेवावं आणि ते गार व्हावं. एकदा तिने माझ्या मांडीवर एक साडी टाकली, हातात कात्री दिली, म्हणाली, "एवढीच कर, जीव रमेल." मी ती साडी संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसले. गुलबक्षी रंगाची होती. एकही धागा कापला नाही.

भिंतीवर माझा फोटो होता. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून आमच्या समाजमंडळाने गुणगौरव केला होता. सुरतेतल्या खान्देशी माणसांचा हा मोठाच सोहळा. हॉल भाड्याने घ्यायचा, गावाकडून पाहुणा बोलवायचा, मुलांना शाल-श्रीफळ द्यायचं आणि आईबापांनी मागच्या खुर्च्यांवर बसून डोळे पुसायचे. फोटोत माझ्या अंगावरची शाल घसरते आहे आणि मी ती सावरत हसते आहे. आबांनी तो फोटो मोठा करून घेतला होता आणि खात्यातल्या प्रत्येकाला घरी आणून दाखवला होता. त्या हिवाळ्यात मी त्या फोटोकडे पाठ करून झोपायचे. ती मुलगी कुणीतरी दुसरीच होती, हुशार, आणि मी तिच्या जागेवर येऊन पडलेली कुणी आगंतुक.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी घरून निघाले. मायने हातावर दही-साखर दिली. मी बसस्टॉपवर बसले. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. माझ्या वर्गातली एक मुलगी खिडकीतून हात हलवून गेली, मीही हलवला. पेपर सुटायच्या वेळेला मी घरी परत आले. मायने विचारलं, "कसा गेला?" मी म्हटलं, "गेलीच नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त दार लावून घेतलं, भर दुपारी, आणि आमच्या गल्लीत भर दुपारी दार लावणं म्हणजे काहीतरी झाल्याची दवंडीच.

दवंडी ऐकून लतामावशी आली. लतामावशी आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण, शिरपूरकडची, मायच्या आधीपासून सुरतेत. तिच्यापासून गल्लीतलं काही लपत नसे आणि तिच्याशिवाय गल्लीतलं काही निभतही नसे. दार वाजवून ती उंबऱ्यातच उभी राहिली. "काय वं मनीषानी माय, पोर दिसत नही आजकाल? परीक्षाले गयी नही का?"

माय कात्री हातात घेऊन उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कावीळ व्हयनी व माय तिले."

कुठून सुचलं तिला, देव जाणे. पण एकदा बोललं ते बोललं. आजारांनाही घराणं असतं, हे मला तेव्हा कळलं. कावीळ म्हणजे खानदानी आजार. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू ही पण भल्या घरची मंडळी. त्यांची नावं उंबऱ्यात उभं राहून मोठ्याने घेता येतात. क्षयाचं नाव जरा आवाज उतरवून घ्यायचं. आणि मला जे झालं होतं त्याला आमच्या बोलीत नावच नव्हतं. 'जीव रमत नाही' इथून जी पायरी सुटायची ती थेट 'डोकं फिरलं' यावरच पडायची. मधे पाय ठेवायला काही नाही. पुढे फार वर्षांनी मी मायला विचारलं, का गं असं सांगितलंस? ती चिडलीच. "मंग काय सांगू? पोरगी रडस नही, हासस नही, उठस नही, अशा आजारले नाव काय?" मला तरी कुठे माहीत होतं?

आणि मग सुरू झाली माया. त्या मायेने मला जितकं लाजवलं तितकं कुणी शिव्या देऊनही लाजवलं नसतं. लतामावशी रोज सकाळी स्टीलच्या किटलीत उसाचा रस घेऊन यायची, गाडीवाल्याला स्वतःसमोर ऊस धुवायला लावून. कुणी भाजलेले चणे आणि गूळ आणला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या गुजराती काकांनी "कमळो छे?" म्हणत काविळीवर उतारा म्हणून मुळे पाठवले. कावीळ झालेल्याला तेल नाही, तिखट नाही, आणि हळद तर नावाला नाही. मायने पथ्य धरलं तर पुरतं धरलं. बायका केव्हाही डोकवायच्या, स्वयंपाकाचा वास घ्यायच्या, म्हणून अख्ख्या घराच्या वरणातली हळद गेली. आबा खात्यातून दमून यायचे आणि पांढरं वरण, पांढरा भात, उकडलेले मूग खाऊन उठायचे. एका अक्षराने बोलले नाहीत. मी ते ताट बघायचे आणि मनात म्हणायचे, माझ्यामुळे या माणसाच्या ताटातला रंगसुद्धा गेला.

अडचण एकच होती. माझे डोळे पांढरेशुभ्र होते. बायका आल्या की हनुवटी धरून डोळे बघायला लागायच्या. माय मागून हळूच म्हणायची, "खाले देख. डोया दखाडू नको." तसंही मला कुणाकडे बघवत नव्हतंच. मी खाली बघायचे आणि त्या म्हणायच्या, "किती थकली माय पोर." ते मात्र खरं होतं. खोट्या आजाराच्या आत माझा खरा आजार बसला होता आणि त्याची विचारपूस होत होती, फक्त दुसऱ्याच्या नावाने.

मग लतामावशीच्या भावाने गावाकडून माळ आणली. काविळीची माळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. कसल्याशा वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असतात. आधी ती एवढीशी असते, डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात. मग ती वाढत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, कमरेशी येते. पायापर्यंत गेली की कावीळ उतरली. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात, दोरा लांबतो, हे मला पडल्या पडल्या कळत होतं. ती माळ खुंटीला अडकवली असती तर खुंटीचीही कावीळ उतरली असती. पण मी डोकं पुढे केलं. लतामावशीने डोळे मिटून ती ठेवली आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं. तिच्या हातांना रसाचा वास येत होता. आठवडाभरात ती गळ्यात उतरली तेव्हा सगळ्या बायका जमल्या. "देख, देख, उतरी राहिनी कावीळ!" त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता, की मी बरी होत नाहीये हे सांगणं म्हणजे त्यांच्या ताटात माती कालवण्यासारखं झालं असतं. माळ वाढत होती आणि मी मात्र तिथेच होते. हिलाही फसवलं, असं मला त्या माळेबद्दलसुद्धा वाटायचं.

उत्तरायणाच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीला, सुरतेत जमिनीवर कुणी नसतं. सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर जातं. आमच्या चाळीच्या गच्चीवरही सकाळपासून पाय धडधडत होते, स्पीकर लागले होते, "ए काप्यो!" अशा आरोळ्या या गच्चीवरून त्या गच्चीवर जात होत्या. खातं बंद होतं, त्यामुळे भिंतीतली खटखटही नव्हती. मी खाली एकटी होते. माळ छातीच्या खाली आली होती. वरच्या प्रत्येक पावलाबरोबर मला वाटत होतं, ही सगळी माणसं जगताहेत ती किती सहज. आणि आपण नसलो तर यांना फक्त हळद परत मिळेल. हा विचार नवीन नव्हता. पण त्या दिवशी तो इतका शांतपणे आला, की माझी मलाच भीती वाटली.

तेवढ्यात आबा पाणी न्यायला खाली आले. दोऱ्याने कापू नये म्हणून बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, नाकावर ऊन लागलेलं, वर्षातून एकदा दिसणारे खुशीतले आबा. त्यांनी माठातून तांब्या भरला. ते परत निघाले असते तर मी बोलले नसते. पण त्यांनी विचारलं, "रस पीसी का?" आणि मी म्हटलं, "आबा, मला जगावंसंच वाटत नाही."

आबांनी तांब्या खाली ठेवला. माझ्यासमोर गठ्ठ्यावर बसले. बराच वेळ बोटांवरची पट्टी सोडवत राहिले, एकेक करत. मग म्हणाले, "किती दिन व्हयनात असं?" मी म्हटलं, दिवाळीच्या आधीपासून. त्यांनी मान हलवली. वरून हाका आल्या, "ओ भाऊ, पाणी!" ते उठले नाहीत. संध्याकाळी कंदील लावलेले पतंग वर चढले तरी ते तिथेच बसून होते. मला त्यांची इतकी लाज वाटली, आणि इतका आधारही वाटला, की दोन्हींतलं कुठलं कुठे संपतं ते मला आजही सांगता येत नाही.

खातं उघडलं त्या दिवशी आबांनी खाडा केला आणि आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. हे त्यांना कुणी सांगितलं, कुठे विचारलं, मला माहीत नाही. मायने डोक्यावरचा पदर तोंडावरून असा ओढला होता, की तिला समोरचा जिना दिसेना. मानसिक आजारांच्या विभागासमोर बाकडी होती. आम्ही शेवटच्या बाकड्यावर, भिंतीकडे तोंड करून बसलो. आणि नेमकी समोरून मागच्या गल्लीतली एक बाई आली, रोज भाजीच्या हातगाडीवर भेटणारी. तिच्या हातातही तसलाच केसपेपर होता. तिने मायकडे पाहिलं, मायने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी एकाच वेळी माना वळवल्या. त्या दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. एकमेकींचं खरं कळलं, एवढंच कारण.

डॉक्टरबाई तरुण होत्या. झोप, भूक, रडू असं सगळं हिंदीतून विचारत गेल्या. मी सांगत गेले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "खाने में क्या लेती हो?" मी म्हटलं, उकडलेले मूग, पांढरं वरण, उसाचा रस. त्यांनी पेन थांबवलं. "हळदर-तेल कुछ नहीं? क्यों?" माय पदराआडून पटकन म्हणाली, "कावीळ है ना उसको!" डॉक्टरबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, गळ्यातली माळ पाहिली, मग मायकडे पाहिलं. "कमळो तो नथी, बेन." आणि माय, जिने ही कावीळ स्वतः जन्माला घातली होती, ती लाजेने लालबुंद झाली. तीही मधल्या काळात विसरली असावी. खोटं पुरेसे दिवस वाढलं की घरातलंच होऊन जातं.

त्या म्हणाल्या ते सोपं होतं. हा आजार आहे, याला नाव आहे, गोळ्या आहेत, पण वेळ लागेल, आणि दर आठवड्याला येऊन बोलावं लागेल. आबांनी एकच विचारलं, "हिचं काही चुकलं का?" त्या नाही म्हणाल्या. आबांनी हात जोडले. मी मात्र त्या 'नाही'वर विश्वास ठेवला नाही. अजूनही रोज ठेवते असं नाही.

गोळ्या मायने मेथीच्या डब्यात ठेवल्या. फाल्गुनापर्यंत माळ पायाशी आली, लतामावशीने ती खाडीत सोडली, गल्लीत पेढे वाटले. मला बरं वाटायला लागलं ते त्याच्याही पुढे, उन्हाळ्यात. एके दिवशी वरणात हळद पडली होती, आणि मला तिचा वास आला. नुसता वास आला, आणि भूक लागली. रडू आलं मला. तोवर गोळ्या चालू होत्या आणि पुढेही बरेच महिने चालल्या. मधेच घसरले तेव्हा मायने गल्लीत सांगितलं, कावीळ उलटली. पुढच्या वर्षी परीक्षा दिली, बी.एड. केलं, नोकरी लागली. लग्नाच्या आधी अनिलला, माझ्या नवऱ्याला, मी आजाराचं सगळं सांगितलं, माय चहा आणायला आत गेली तेवढ्या वेळात. त्याने विचारलं, "आता झोप लागते का?" मी हो म्हटलं. त्याच्या घरात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि भेस्तानच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, की मनीषाची जबरदस्त कावीळ लतामावशीच्या माळेने उतरली.

मागच्या रविवारी मायचा फोन आला. "हर्षूले कावीळ व्हयनी से. देखाले ये. येताना रस लई येजो." हर्षू म्हणजे लतामावशीची नात. डिप्लोमा इंजिनिअरिंगला आहे, शाळेत असताना माझ्याकडे गणितं घेऊन यायची. चुकलं की खोडरबराने कागद फाटेस्तोवर घासायची. मी विचारलं, रिपोर्ट काय आला? "ते काय माले माहीत नही," माय म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी गेले. रस नेला नाही, सफरचंदं नेली. लतामावशीच्या घरात हर्षू भिंतीला टेकून बसली होती. केसांचा गोळा झाला होता. गळ्यात माळ होती, कमरेपर्यंत आलेली. तिची आई सुनीता तिला चमच्याने काहीतरी पांढरं भरवत होती आणि हर्षू तोंड उघडत होती, जणू तोंड दुसऱ्या कुणाचं आहे. मी वाकून तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. पण त्याआधी क्षणभर तिचे डोळे मला दिसले, पांढरेशुभ्र.

माय दाराजवळ बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"घाबरू नको वं," लतामावशी नातीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. ती आता थकली आहे. "आमनी मनीषा देख. तिले बी अशीच कावीळ व्हती. अशाच माळवर बरी व्हयनी. आते शाळामा शिकाडस."

हर्षूने हळूहळू मान वर केली. आमच्या दोघींची नजर अडकली आणि मला कळलं, की तिला माझ्याबद्दल कळलं आहे; तिची कावीळ खोटी, तर माझीही तशीच असणार. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दीदी, खरं सांग ना. माळ पायापर्यंत गेल्यावर तुला बरं वाटलं होतं?"

हो म्हणायला काय लागतं? सगळ्या गल्लीने वर्षानुवर्षं माझ्या वतीने हो म्हटलं होतं. माझ्या सासूचं माहेर त्याच रस्त्यावर दोन वळणं पुढे आहे. शाळेत माझ्या हाताखाली पालक विश्वासाने मुलं ठेवतात. माझी मुलगी मोठी होईल. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, खोटं कशाला बोलू. पण हर्षूची माळ कमरेपर्यंत आली होती. ती पायाशी पोचेल, पेढे वाटले जातील, आणि मग या पोरीला कळेल की उपाय संपला आणि ती तशीच आहे. तेव्हा ती काय करेल? माझ्याकडे आबा होते, तांब्या घेऊन खाली आलेले. तिच्याकडे फक्त माझी ही गोष्ट होती, आणि ती खोटी होती.

माझे कान तापले. सातवीच्या वर्गासमोर रोज उभी राहणारी मी, मला चार बायकांत आवाज फुटेना.

"नाही वाटलं," मी म्हटलं. "मला कावीळ नव्हतीच, हर्षू."

चमचा सुनीताच्या हातात राहिला. लतामावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग काय व्हतं तुले?"

"मन आजारी पडलं होतं, मावशी. उठवत नव्हतं, खाववत नव्हतं. मला मरावंसं वाटायचं. सरकारी दवाखान्यात गेलो आम्ही. गोळ्या घेतल्या, खूप महिने घेतल्या. तिथे बोलले. त्याने बरी झाले." एवढं बोलून मी जमिनीकडे पाहिलं. लोक म्हणतात, बोललं की मोकळं वाटतं. मला नाही वाटलं. मला भर चौकात अंगावरचा पदर गळावा तशी लाज वाटली, आणि आज हे लिहितानाही वाटते आहे.

हर्षू रडायला लागली, आवाज न करता, आणि सुनीता तिच्याकडे बघत राहिली. लतामावशीने मान वळवून मायकडे पाहिलं. शेजार इतका जुना, की त्या नजरेत काय काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग असेल. तिने रोज सकाळी ऊस धुऊन घेतला होता.

मला वाटलं, माय आता उठून जाणार. तिचा चेहरा लाल झाला होता, त्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर झाला होता त्याहूनही लाल. ती फरशीकडे बघत, फरशीलाच सांगावं तसं म्हणाली, "सकायमा लवकर जानं पडस. रांग मोठी राहस." आणि मग, "मी येसू संगे. माले माहीत से कोठे बसनं पडस."

आणि तिने पदर तोंडावर पुढे ओढून घेतला, पण जागची उठली नाही.